परत मागविलेली कॉर्ड दुकानात नको

शहाड स्टेशनवर उतरून उल्हासनगरच्या बाजारात जाणाऱ्या आपल्या व्यापारी बंधूंना 'मेड इन यूएसए'ची जुनी थट्टा ठाऊक आहेच. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! या थट्टेतून असा समज झाला आहे की, स्थानिक माल तेवढा कच्चा आणि मोठ्या कंपनीचा माल निर्धोक. संगणकाच्या पॉवर कॉर्डचा अनुभव मात्र वेगळा आहे.

ऑगस्ट २०१४ मध्ये एचपी कंपनीने स्वतःच्या लॅपटॉपसोबत दिलेल्या कॉर्ड परत मागविल्या. सप्टेंबर २०१० ते जून २०१२ या काळात विकलेला हा माल एकट्या अमेरिकेत सुमारे ५६ लाख नगांचा होता. कॉर्ड तापून वितळल्याच्या किंवा करपल्याच्या तक्रारी होत्या अवघ्या २९. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लेनोव्हो कंपनीनेही त्याच खुणेच्या कॉर्ड परत मागविल्या. चार्जरच्या ठोकळ्यात खोचल्या जाणाऱ्या टोकावर 'एलएस-१५' अशी इंग्रजी अक्षरे उठविलेली असणे, ही ती खूण. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने सरफेस प्रो संगणकाच्या कॉर्ड परत घेतल्या. त्या दीर्घकाळ घट्ट गुंडाळल्या, पिळल्या किंवा दाबल्या गेल्या तर तापत होत्या.

कॉर्ड तापते का? आतील तांब्याच्या तारा बारीक असल्या, काही तुटल्या किंवा पिनेची पकड सैल झाली, की विजेला त्या जागी अडथळा होतो आणि उष्णता साठते. वरचे आवरण आधी मऊ होते, मग करपते. वरून धडधाकट दिसणारी कॉर्ड आतून अशी असू शकते.

कंपनीची सूचना पोहोचते ती पहिल्या ग्राहकापर्यंत. आपल्याकडे जुना लॅपटॉप तीन-चार हातांतून फिरतो आणि कॉर्ड त्यापासून सुटून दुरुस्तीच्या दुकानातील ढिगात जाऊन पडते. चौथ्या ग्राहकाला सावध करणारा मग दुकानदाराखेरीज कोणी उरत नाही.

कायदाही हेच सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार धोकादायक माल परत मागविण्याचा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण देऊ शकते. मालाची तपासणी करताना वाजवी काळजी न घेणारा, किंवा उत्पादकाने दिलेली धोक्याची सूचना ग्राहकाला न सांगणारा विक्रेताही नुकसानभरपाईस जबाबदार धरला जाऊ शकतो.

आणि आपल्यासाठी हा प्रश्न केवळ कायद्याचा नाही. धान्याच्या राशीत हात घालून आतील ओल बाहेर काढणाऱ्या आणि ती ओल लपविणाऱ्या विक्रेत्याला खडसावणाऱ्या प्रेषितांचे (स.) आपण अनुयायी आहोत. ऐब सांगून विकणे हीच हलाल व्यापाराची अट. पण जिथे ऐब म्हणजे आग लागण्याची भीती, तिथे सांगून विकणेही योग्य नव्हे. तो माल विकूच नये.

आमची व्यापारी आणि कारागीर बंधूंना विनंती आहे:

१. दुकानातील कॉर्डचा ढीग एकदा उपसावा. 'एलएस-१५' खुणेची कॉर्ड दिसली की बाजूला काढावी. बदली मिळते का, हे कंपनीच्या सेवा केंद्रात विचारावे.

२. बदली मिळत नसेल तर कॉर्डची दोन्ही टोके कापूनच ती भंगारात द्यावी. अखंड दिलेली कॉर्ड पुन्हा बाजारात येते.

३. पिवळट पडलेली, कडक झालेली, मुळाशी वाकलेली किंवा पिन काळवंडलेली कॉर्ड चिकटपट्टी लावून विकू नये.

४. नवी कॉर्ड घेताना आयएसआय चिन्ह पाहावे. सोबतचा लायसन्स क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर तपासता येतो.

५. तीन पिनांपैकी अर्थिंगची पिन कापून कॉर्ड देऊ नये. कॉर्ड घट्ट गुंडाळू नये, हेही ग्राहकाला सांगावे.

५६ लाखांत २९ तक्रारी आल्या आणि कंपनीने सगळा माल परत मागविला. आपल्या ढिगातील एका कॉर्डची किंमत ती किती? तिच्यासाठी कोणाचे घर जळण्याची जोखीम आपण पत्करू नये.