पडक्या वाड्यांतून नवी वास्तु

पडका वाडा नाहीं असें गांव मराठी मुलखांत क्वचितच सांपडेल. माळवद बसलेलें, भिंती कललेल्या, चौकांत एरंड माजलेला. येणाऱ्याजाणाऱ्यास तो उकिरडा वाटतो. जाणत्या गवंड्यास मात्र त्याच ढिगाऱ्यांत घडीव काळा दगड, सागाच्या तुळया, विटा आणि दारांच्या चौकटी दिसतात. हें सामान पुन्हां कामीं आणावयाचें, आणि तेंही गांवकऱ्यांनीं एकत्र येऊन, शिकत शिकत, हा बांधकाम-शिबिराचा हेतु होय.

ऑस्ट्रेलियांत बिल मॉलिसन व डेव्हिड होमग्रेन यांनीं १९७८ सालीं ‘पर्माकल्चर’ नांवाची विचारसरणी ग्रंथरूपानें मांडली. शेत, पाणी, झाडें, घर व माणसें यांची रचना परस्परांस पूरक असावी, आणि एकाचें टाकाऊ तें दुसऱ्याचें साधन व्हावें, हें तिचें सार. महाराष्ट्रास ही गोष्ट सर्वस्वीं नवी नव्हती. १९३६ सालीं सेवाग्राम येथें गांधीजींचें निवासस्थान माती, लांकूड, बांबू अशा जवळपासच्या सामानांतूनच उभें राहिलें होतें.

शिबिरासाठीं काम लहानच निवडावें: अवजारांची खोली, गोठा, किंवा शाळेच्या परसबागेंतील ओटा. छपराचें पाणी वाहून न जातां केळीच्या आळ्यांत उतरेल अशी जागा पाहावी. जुन्या वाड्यास वाटेकरी पुष्कळ असतात. म्हणून सामानास हात लावण्यापूर्वीं सर्वांची लेखी संमति घ्यावी. नाहीं तर ऐन कामाच्या दिवशीं भाऊबंदकी उभी राहते.

खरें काम शिबिराच्या पंधरा दिवस आधीं सुरू होतें. तें म्हणजे निवडीचें. दोन विटा एकमेकींवर हलकेंच आपटाव्या; नाद खणखणीत आला तर वीट पक्की, बद्द आला तर ती भिंतींत वापरूं नये. चुन्यांत बसविलेली वीट सहज सुटते, सिमेंटांतली बहुधा फुटते. लांकडांत सुरीचें टोंक खुपसून पाहावें; तें सहज आंत गेलें तर वाळवीनें वा कुजीनें लांकूड पोखरलें असें समजावें. खिळे काढल्यावांचून करवत लावूं नये. ॲस्बेस्टॉसचे पत्रे मात्र फुकट मिळाले तरी शिबिरांत आणूं नयेत. ते कापतांना वा फोडतांना उडणारे सूक्ष्म तंतु फुप्फुसांत जाऊन बसतात, आणि त्यांचा अपाय कित्येक वर्षांनीं प्रकट होतो.

मातीचीही परीक्षा घ्यावी. कांचेच्या बाटलींत तिसरा हिस्सा माती व वर पाणी घालून ती खूप हालवावी आणि एक दिवस स्थिर ठेवावी. तळाशीं वाळू, तिच्यावर गाळ व सर्वांत वर चिकण माती असे थर दिसतात. नुसती काळी माती वाळतांना आकसते आणि भिंतीस भेगा पडतात. म्हणून तिच्यांत वाळू आणि भुसा मिसळावा लागतो.

प्रत्यक्ष कामाच्या दिवशीं लोकांच्या लहान तुकड्या कराव्या. गवंडी व सुतार यांस शिक्षकाचा मान द्यावा, आणि त्या दिवसाची मजुरीही द्यावी. सारवण-गिलाव्याचें ज्ञान बहुधा गांवांतील वृद्ध स्त्रियांपाशीं असतें. तेथें त्यांनाच गुरु करावें. अर्ध्या दिवसानें तुकड्यांचीं कामें बदलावीं, म्हणजे प्रत्येकाचा हात प्रत्येक कामास लागतो. मुलांस पाडकामाच्या जवळपास फिरकूं देऊं नये.

परंतु सामान चांगलें म्हणून वास्तु चांगली, असें होत नाहीं. याची साक्ष किल्लारीनें दिली. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणेशविसर्जनाची रात्र सरून पहाट होण्याच्या सुमारास, लातूर व उस्मानाबाद (आतांचा धाराशिव) या जिल्ह्यांत भूकंप झाला आणि झोपलेलीं हजारों माणसें आपल्याच घरांखालीं गाडलीं गेलीं. दगड कच्चा नव्हता. भिंती जाड होत्या. पण त्यांचे आंतले व बाहेरचे दगडी थर एकमेकांस बांधलेले नव्हते. मधें माती व खडी, आणि वर जड माळवद. हादरा बसतांच दोन्ही थर फांकले. पुढें अशा घरांच्या मजबुतीकरणांत भिंतींस आरपार भोंकें पाडून त्यांत सळई व काँक्रीट भरण्याचा उपाय योजण्यांत आला.

नव्या भिंतींत हें काम आरंभींच, फारशा खर्चावांचून होतें. भिंतीच्या पूर्ण जाडीइतका लांब दगड आरपार बसवावयाचा; उंचीस दर दोन फुटांवर आणि लांबीस चार फुटांच्या आंत. पुरता लांब दगड न मिळाल्यास त्या जागीं काँक्रीटचा ठोकळा घालावा. शिबिरास आलेल्या प्रत्येकाकडून असा एक तरी दगड बसवून घ्यावा आणि तो कां बसविला हें त्याच्याच तोंडून वदवावें.

शिबिर संपल्यावर गांवास एक खोली मिळते, ती कांहीं फार मोठी प्राप्ति नव्हे. पण पुढें कोणी आपल्या घराची भिंत रचूं लागला आणि शेजाऱ्यानें थांबून ‘आरपार दगड घातलास का?’ असें विचारलें, तर त्या शिबिराचे श्रम सार्थकीं लागले म्हणावयाचे.