अ‍ॅल्युमिनियमचा टाका: बॅलन्सचा नॉब काय करतो, काय करत नाही

आसगावसारख्या धानाच्या गावात वेल्डिंगच्या दुकानी येते ते बहुतेक लोखंडच. ट्रॉलीचा हूक, केजव्हीलचे पाते. मोटारसायकलचे क्लच कव्हर फुटून आले की मात्र पंचाईत होते. गिऱ्हाईक म्हणते, ‘टिग आहे ना तुमच्याकडे? मारा एक टाका.’

टिग वेल्डिंगचे मशीन आहे म्हणजे अ‍ॅल्युमिनियम जोडता येईलच, हा पहिला गैरसमज. स्वस्तातली बरीच मशीन फक्त डीसीची असतात. अ‍ॅल्युमिनियम 660 अंशांना वितळते, पण त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा 2,000 अंशांच्या वर. टंगस्टनची कांडी निगेटिव्हला जोडली, तर उष्णता जॉबला भरपूर मिळते, पण पापुद्रा फुटत नाही. सायीखालच्या दुधासारखी धातू आत पातळ होते. वरून काही कळत नाही, ती लालही होत नाही. एकाएकी भसकन खाली गळते.

मग कांडी पॉझिटिव्हलाच जोडावी, पापुद्रा फुटतो ना? फुटतो, पण बहुतेक उष्णता कांडीवर येते. निगेटिव्हवर 150 अँपिअर सहज पेलणारी 2.4 मिलिमीटरची कांडी पॉझिटिव्हवर 30 च्या आसपासच हात टेकते. म्हणून एसी: अर्धी फेरी सफाई, अर्धी फेरी वितळणे. इन्व्हर्टर मशीनवरचा बॅलन्सचा नॉब या दोघांचा वाटा ठरवतो, इतकेच.

‘सफाई जितकी जास्त तितके चांगले’ हे सर्वांत महाग पडणारे मत. निगेटिव्हचा वाटा 70 टक्क्यांच्या आसपास ठेवून सुरुवात करावी आणि टाक्याकडे पाहावे. दोन्ही बाजूंना पांढुरका, तुषार पडल्यासारखा अरुंद पट्टा दिसला की पुरे. पट्टा रुंद झाला, कांडीचे टोक फुगून गोळा झाले, तर पॉझिटिव्ह कमी करा. वितळलेला ठिपका आरशासारखा चमकत नसेल, त्यात मिरपूड सांडल्यासारखे काळे दिसत असेल, तर थोडे वाढवा. पण आधी संशय तेलावर घ्या. इंजिनाजवळ वर्षे काढलेल्या कव्हरच्या छिद्रांत तेल मुरलेले असते. तापवले की ते पुन्हा पाझरते. ते काढणे नॉबच्या हातात नाही. अ‍ॅसिटोन, हलका शेक, पुन्हा पुसणे, आणि फक्त अ‍ॅल्युमिनियमसाठी राखलेला स्टेनलेसचा ब्रश. लोखंडावर फिरवलेला ब्रश इथे आणू नये.

व्हिडिओत पाहिलेला आकडा जसाच्या तसा लावणे हाही घोटाळाच. काही मशीन निगेटिव्हचा वाटा दाखवतात, काही सफाईचा. एकावरचे 70 म्हणजे दुसऱ्यावरचे 30. पुस्तिका हरवली असेल, तर भंगाराच्या तुकड्यावर कमी करंटला नॉब थोडा इकडे-तिकडे फिरवून पाहा. ज्या बाजूला टोकाचा गोळा होऊ लागतो, ती पॉझिटिव्हची बाजू.

हिरव्या पट्टीची शुद्ध टंगस्टन कांडीच हवी, ही जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनची आठवण. इन्व्हर्टरवर लँथेनमची, टोक घासलेली कांडी उत्तम चालते.

एवढे करून टाका दोन-तीन मिनिटांत बसतो. त्याआधीच्या अर्ध्या तासाच्या घासण्या-पुसण्याचे पैसे द्यायला मात्र गिऱ्हाईक कुरकुरते.