कॉर्टिना दिसली का कुठे?

मंडळी, रस्त्यावर शेवटची फोर्ड कॉर्टिना कधी पाहिलीत, आठवतंय? रोल्स रॉइस अजून एखाद्या लग्नात तरी दिसते, कॉर्टिना शोधूनही सापडत नाही. 1962 ते 1982 अशी वीस वर्षं ही गाडी डॅगनमच्या कारखान्यातून बाहेर पडत होती. आपल्यापैकी कितीतरी घरांची ती पहिली गाडी, तीही सेकंडहँड! काउलीची मॉरिस मरीना तर 8 लाखांवर बनली. कुठे गेल्या सगळ्या?

महागडी गाडी गॅरेजमध्ये झाकून ठेवतात. साधी बिचारी दारासमोर पावसात उभी! हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने खालचा पत्रा सडतो, एमओटीत ती नापास होते आणि वेल्डिंगचा खर्च गाडीच्या किमतीवर जातो. त्यात 2009-10 मध्ये सरकारी योजना आली. दहा वर्षांवरची गाडी मोडीत द्या, नव्या गाडीवर 2000 पौंड सूट घ्या! जवळपास 4 लाख गाड्या गेल्या.

आता पाळी सन्डरलंडच्या गोलमटोल निसान मायक्राची. आपल्यातल्या कितीजणी हिच्यावर गाडी शिकल्या! 40 वर्षं पुरी झालेल्या गाड्यांना लंडनमध्ये प्रदूषणाचा आकार माफ असतो. नव्वदीतल्या बहुतेक मायक्रांना मात्र ऑगस्ट 2023 पासून लंडनभर दिवसाला साडेबारा पौंड. म्हातारी म्हणून सवलत नाही आणि तरुणही नाही, अशी मधल्यामध्ये अडकली आहे.

मॉरिस ऑक्सफर्डचं नशीब वेगळं. इथे तिची तिसरी आवृत्ती 1959 मध्ये बंद झाली, पण तीच अँबॅसडर होऊन बंगालमधल्या उत्तरपाड्यात 2014 पर्यंत बनत राहिली. इथे एखादी दिसली की आम्ही आधी आत सरकारी साहेब बसलेत का ते पाहतो!

रस्त्यावर नसतील, पण आपल्या आल्बममध्ये या गाड्या आहेत. साडीवर कोट घालून आई उभी, मागे गाडी. फोटो घरी पाठवण्यासाठी काढलेला, मागे तारीख नाही. अशा वेळी नंबरप्लेट बघा. 1963 ते 1983 या काळातल्या नंबरात शेवटचं अक्षर वर्षाचं असे. ‘पी’ असेल तर गाडी ऑगस्ट 1975 ते जुलै 1976 मधली, म्हणजे फोटो त्याआधीचा नाही. 1983 नंतर 2001 पर्यंत हे अक्षर पुढे आलं. सरकारी वाहननोंदणीच्या वेबसाइटवर तोच नंबर घालून पाहा. गाडी नोंदीत असेल तर रंग, साल, टॅक्स भरलाय की नाही, सगळं कळतं.

कोणाची सापडली तर आम्हाला जरूर कळवा. फोटोची झेरॉक्सही चालेल, फक्त नंबर वाचता आला पाहिजे.