नावातच इतिहास: गिट आणि शेकडो रेपो

जगातल्या कुठल्याही संगणकावर एक रिकामी फाइल बनवा आणि ती गिटच्या, म्हणजे कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या साधनाच्या, हवाली करा. गिट तिला ४० अक्षरांचं नाव देतं आणि ते नाव प्रत्येक वेळी ई६९डीई२९ असंच सुरू होतं. या संगणकांनी एकमेकांना काही विचारलेलं नसतं, नावं वाटणारी कुठली मध्यवर्ती कचेरीही नसते. नाव निघतं ते थेट मजकुरातून. मजकुरावर एसएचए-१ ही गणिती प्रक्रिया चालवली की १६० बिटांचा हॅश हाती येतो, आणि तेच त्या फाइलचं नाव. एक स्वल्पविराम हलला तरी नाव पार बदलून जातं.

खरी गंमत पुढे आहे. फोल्डरचं नाव त्यातल्या फायलींच्या नावांवरून काढलं जातं. कमिटचं, म्हणजे जतन केलेल्या एका स्थितीच्या नोंदीचं, नाव काढताना ते फोल्डर, लेखक, वेळ, संदेश आणि आधीच्या कमिटचं नाव असं सगळं हिशेबात धरतात. म्हणजे आजच्या नावात कालचं नाव मुरलेलं असतं, कालच्यात परवाचं, असं थेट पहिल्या कमिटपर्यंत. वीस वर्षांपूर्वीच्या एका ओळीत कोणी गुपचूप फेरफार केला, तर त्यानंतरच्या प्रत्येक कमिटचं नाव बदलेल. अशी हॅशची झाडं राल्फ मर्कल यांनी १९७९ मध्येच सुचवली होती. लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतलं आणि काही दिवसांतच गिटचा स्वतःचा कोड गिटमध्येच ठेवला जाऊ लागला.

आता दोन संगणकांची गाठ घालून देऊ. घरचा म्हणतो, मला अमुक कमिट हवं आहे, माझ्याकडे तमुकपर्यंतचं आहे. समोरचा फक्त मधला तुटवडा काढतो, बांधून पाठवतो. त्या गठ्ठ्यात वस्तूंची, म्हणजे फायली, फोल्डर आणि कमिट यांची, स्वतःची नावं नसतातच! घेणारा प्रत्येक वस्तूचा हॅश स्वतः काढतो, नावं त्याची त्यालाच मिळतात. शेवटी दोघांकडच्या ब्रँचच्या, म्हणजे कमिटांच्या साखळीच्या, टोकाला तेच नाव आलं, तर त्या ब्रँचचा अख्खा इतिहास जुळला. आणखी काही ताडून पाहायची गरज उरत नाही. (२०१७ मध्ये संशोधकांनी एकच एसएचए-१ हॅश असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ फायली बनवून दाखवल्या. तेव्हापासून गिट एसएचए-१ ची अशी बनवाबनवी ओळखणारी आवृत्ती वापरतं, आणि एसएचए-२५६ चा पर्यायही आता आहे.)

पण ही सगळी हमी एका रेपोच्या, म्हणजे गिटने सांभाळलेल्या एका साठ्याच्या, आतली. रेपो दीड हजार असतील तर? कोणकोणते रेपो अस्तित्वात आहेत, हे कोण सांगणार? त्यासाठी एक यादी लागते, आणि यादी ही बऱ्याचदा साधी फाइल असते.

केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पावर मार्च २०१३ मध्ये जे ओढवलं ते इथेच. त्यांचे सुमारे १५०० रेपो एका मुख्य सर्व्हरवर होते, आणि जगात ठिकठिकाणचे मिरर सर्व्हर त्याच्याशी सतत जुळवून घेत होते. मुख्य सर्व्हरची फाइल सिस्टिम बिघडली आणि रेपोंची यादीही बिघडली. मिररांनी नवी यादी आणली, तिच्यात रेपो दिसेनात, म्हणून आपल्याकडच्या चांगल्या प्रती इमानाने पुसून टाकल्या. सुदैवाने एका सर्व्हरवर प्रती शाबूत सापडल्या आणि प्रकल्प वाचला. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारी दुसरी घटना मला माहीत नाही. मिररचं कामच मुळी मूळ जसं आहे तसं होणं. मूळ नाहीसं झालं तर तोही नाहीसा होणार.

यादीलाच गिटचं संरक्षण द्यावं, हे अँड्रॉइडने चांगलं साधलं आहे. अँड्रॉइडचा कोड शेकडो रेपोंत विखुरलेला आहे. ते सांभाळायला गूगलने 'रेपो' नावाचंच एक साधन लिहिलं. कुठला प्रकल्प कुठून आणायचा आणि कुठल्या फोल्डरमध्ये ठेवायचा, हे मॅनिफेस्ट नावाच्या एक्सएमएल फाइलमध्ये लिहिलेलं असतं, आणि ती फाइल स्वतः एका गिट रेपोत राहते. हवं तर तिच्यात प्रत्येक प्रकल्पासमोर नेमक्या कमिटचं नाव नोंदवता येतं. मग शेकडो रेपोंची एका क्षणाची स्थिती त्या एका फाइलवरून पुन्हा उभी करता येते.

आपल्या दोन-तीन संगणकांसाठी एवढा पसारा कशाला? जोई हेस यांचं 'एमआर' हे छोटं साधन पुरतं. एका फाइलमध्ये आपल्या रेपोंची यादी लिहायची, ती फाइलही एका रेपोत ठेवायची, आणि दुसऱ्या संगणकावर बसल्यावर 'एमआर अपडेट' म्हणायचं. फक्त कमिट न केलेलं काम यातल्या कुठल्याही साधनाबरोबर प्रवास करत नाही. 'गिट स्टॅश'मध्ये तात्पुरतं बाजूला ठेवलेलंसुद्धा साध्या पुशबरोबर, म्हणजे कमिट सर्व्हरकडे पाठवताना, जात नाही. म्हणून उठण्याआधी अर्धवट काम मी तात्पुरत्या ब्रँचवर कमिट करून पुश करते, मग ते कितीही ओबडधोबड असो.