सरड्याची धाव उन्हापर्यंत

संक्रांतीच्या दोन दिवस आधी माझा भाचा नागपूरहून गोंडपिपरीला आला तो एक काचेची पेटी घेऊन. पेटीत हातभर लांबीचा, मातकट रंगाचा, गळ्याखाली काट्यांची झालर असलेला सरडा होता. हा मूळ ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला प्राणी. इंग्रजीत त्याला ‘बिअर्डेड ड्रॅगन’ म्हणतात. आपण दाढीवाला सरडा म्हणू. भाच्याची तक्रार एकच होती : ‘‘मामा, सतरा दिवस झाले, यानं काही खाल्लं नाही.’’

सतरा दिवसांत त्याने सगळे करून पाहिले होते. रातकिडे बदलले, अळ्या आणल्या, कोथिंबीर, गाजर, भोपळा, पपई चिरून ठेवली. कुणी भूक वाढवायचे औषध सुचवले, तेही पाण्यातून दिले. सरडा डोळे मिटून कोपऱ्यात पडलेला. माझी आई ऐंशीच्या घरातली. तिने पेटीत डोकावले आणि वाटीत दूध आणि ड्रॉपर घेऊन आली. म्हणाली, ‘‘उपाशी हाये थो. दोन थेंब तं जाऊ दे पोटात.’’

आईचे म्हणणे आपल्या सगळ्यांचे म्हणणे आहे. घरात कुणी जेवले नाही की आपण आधी ताटाकडे पाहतो. मीठ कमी पडले का, भाजी आवडली नाही का. मुक्या जीवालाही आपण हेच माप लावतो. पण सरपटणाऱ्या प्राण्यांची भूक आपल्यासारखी नुसत्या पोटावर चालत नाही. ती पुष्कळ अंशी तो प्राणी जिथे आहे त्या जागेवर ठरते. म्हणून मी खाण्याला हात न लावता घरातला तापमापक पेटीत ठेवला. भर दुपारी दिव्याखाली २६ अंश. दुसऱ्या दिवशी पहाटे १७.

त्याच सकाळी आमच्या मागच्या अंगणात जे दिसले, त्यात या आजाराचे अर्धे निदान होते. आमच्या कुंपणावर एक सरडा राहतो, नेहमीचाच, मान हलवणारा. तो आणि ऑस्ट्रेलियातला पाहुणा दोघेही ‘अगॅमिडी’ या एकाच कुळातले. २०१६ साली डॉ. व्ही. दीपक, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंखागत गळा फुलवणाऱ्या आपल्याकडच्या सरड्यांची एक नवी प्रजाती जगापुढे मांडली आणि तिचे शास्त्रीय नाव आपल्या मराठी शब्दावरूनच ‘सरडा’ असे ठेवले. तेही याच कुळातले. तर आमचा कुंपणावरचा सरडा थंडीच्या दिवसांत नऊ वाजेपर्यंत दिसतच नाही. मग खांबाच्या उगवतीच्या बाजूला येतो, अंग चपटे करून उन्हाला पाठ देतो आणि अर्धा-पाऊण तास काही करत नाही. समोरून मुंग्यांची रांग जाते, त्याचे लक्ष नसते. अंग तापले, रंग उजळला की मग मात्र पहिल्या किड्यावर झडप. नवतप्यात याच्या उलट : भल्या सकाळी खाणे उरकून दुपारी दाट सावलीत.

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ असे आपण कुणाची कुवत कमी दाखवायला म्हणतो. वास्तविक सरडा कुंपणाकडे धावतो याचे कारण कुंपणाला एक बाजू उन्हाची आणि एक सावलीची असते. त्याच्या जगण्याला लागते ते सगळे त्या दोन बाजूंत आहे.

हे उघड वाटते, पण शास्त्राला ते उशिरा कळले. ज्यांना आपण थंड रक्ताचे प्राणी म्हणतो ते जसा वारा तसे अंग, असे निमूट राहतात, हीच समजूत फार काळ होती. १९४४ साली रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट या दोघांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या सरड्यांची आणि सापांची तापमाने मोजून दाखवले की, हे प्राणी ऊन-सावलीत ये-जा करून आपले तापमान बऱ्यापैकी अरुंद मर्यादेत ठेवतात. आपण अन्न जाळून अंग तापते ठेवतो. ते चालत जाऊन ठेवतात. म्हणूनच त्यांना तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढे अन्न पुरते. पण चालायला जागाच ठेवली नाही, तर हा सगळा कारभार बसतो.

दाढीवाल्या सरड्याला अंगाचे तापमान ३५ अंशांच्या आसपास लागते. त्यासाठी पेटीत एका टोकाला ३८ ते ४२ अंशांची तापलेली जागा हवी आणि दुसऱ्या टोकाला २५-२६ अंशांची थंड. भाच्याच्या पेटीत जी सर्वांत गरम जागा होती, ती खरे तर सर्वांत थंड असायला हवी होती. आता भुकेचा संबंध पाहा. अन्न पचवणारी पाचकद्रव्ये ठरावीक उष्णतेतच नीट काम करतात. अंग थंड असेल तर आतडे मंदावते आणि गिळलेला किडा पचण्याऐवजी आतच कुजू लागतो. त्यामुळे अंग गार असताना न खाणे हे त्या प्राण्याचे शहाणपण आहे. चुलीत जाळ नाही हे ज्याला कळते, तो भांडे चढवत नाही.

अजगराचे उदाहरण याहून ठळक आहे. स्टीफन सेकर आणि जॅरेड डायमंड यांनी १९९८ साली ब्रह्मदेशी अजगरांवरचे काम प्रसिद्ध केले. दोन जेवणांच्या मधल्या लांब काळात हा अजगर आपली पचनसंस्था जवळजवळ मिटवून ठेवतो. भक्ष्य गिळले की एक-दोन दिवसांत त्याच्या लहान आतड्याचे वजन दुपटीच्या घरात जाते आणि शरीराचा ऊर्जाखर्च ४४ पटींपर्यंत चढतो. इतके मोठे यंत्र फिरवायचे तर बाहेरून उष्णता मिळण्याची हमी हवी. ती नसेल तर खाल्लेले ओकून टाकणे हाच मार्ग उरतो. आमच्या भागात धानाच्या बांध्यांत अधूनमधून अजगर सापडतो, लोक काठ्यांनी डिवचतात आणि तो पोटातले भक्ष्य टाकून देतो. तेही याच हिशेबातले. जड पोटाने पळता येत नाही.

उष्णतेच्या जोडीला प्रकाश. सूर्याच्या अतिनील किरणांपैकी २९० ते ३१५ नॅनोमीटरचा जो पट्टा आहे, त्याने सरड्याच्या कातडीत ड-३ जीवनसत्त्व तयार होते आणि त्याच्या आधाराने आतडे अन्नातले कॅल्शियम शोषते. साध्या काचेतून हे किरण जवळजवळ पार होत नाहीत. त्यामुळे खिडकीपाशी ठेवलेल्या पेटीत उजेड भरपूर दिसतो, पण त्यातला हा भाग गायब असतो. त्यात रातकिड्यांसारख्या खाद्यात कॅल्शियम मुळातच कमी, फॉस्फरस जास्त. मग शरीर हाडांतले कॅल्शियम काढून रक्तात आणते. पाय वाकतात, बोटे थरथरतात, खालचा जबडा रबरासारखा मऊ होतो. इथे माणसाची मोठी फसगत होते. सरडा किड्याकडे पाहतो, जवळ जातो आणि मागे फिरतो. आपण म्हणतो, भूक मेली. वास्तविक भूक असते, पण चावायला जबडा साथ देत नाही.

प्रत्येक उपास हे मात्र दुखणे नसते. थंडीत बरेच सरपटणारे प्राणी मंदावतात आणि आठवडेच्या आठवडे खात नाहीत. कात टाकताना खाणे कमी होते. पोटात अंडी असलेली मादी खात नाही आणि दाढीवाल्या सरड्याची मादी नर नसतानाही फोल अंडी घालते, हे पाळणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून सुमारे दोन महिने बसते. त्या काळात तिचे अंग थरथरताना दिसते. १९६६ साली न्यू यॉर्कमध्ये झालेल्या मोजणीत या थरथरीने ती अंडी ऊबदार ठेवते हे सिद्ध झाले. हे सगळे ती बहुधा न खाता करते. शिवाय वाढत्या वयात रोज किडे मागणारा सरडा मोठा झाला की पालेभाजीकडे वळतो आणि एकूणच कमी खातो. ते वय असते, आजार नव्हे.

खुद्द आजारातही न खाण्याला अर्थ असतो. मॅथ्यू क्लुगर आणि सहकाऱ्यांनी १९७४-७५ मध्ये वाळवंटी इग्वानांना जंतुसंसर्ग करून पाहिले. संसर्ग झालेले इग्वाना नेहमीपेक्षा गरम जागी जाऊन बसले, म्हणजे त्यांनी ताप आणला तो चालत जाऊन. ज्यांना गरम ठेवले त्यांतले बरेच वाचले, ज्यांना ३४ अंशांवर अडकवले त्यांतले बहुतेक मेले. १९७९ साली मरे आणि मरे यांनी संसर्ग झालेल्या उंदरांना बळजबरीने भरवले, तर मृत्यू वाढले. उंदराचा नियम सरड्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण भरवणे म्हणजे नेहमी उपकारच, हे मात्र त्यातून खोटे ठरते.

मग काळजी केव्हा करायची? न खाण्याचे दिवस मोजण्यापेक्षा वजन मोजावे. मोठ्या सरड्याचे वजन टिकून असेल, डोळे तेजदार असतील, तर काही आठवडे थांबता येते. पिल्लाच्या बाबतीत दोन-तीन दिवसही पुष्कळ. दहा टक्क्यांच्या वर वजन उतरले, डोळे खोल गेले, शेपटीचे मूळ सुकले, जबडा दबला, विष्ठा थांबली किंवा तोंडातून चिकट लाळ आली, तर प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जायलाच हवे. आतड्यातले परजीवी, अडकलेली वाळू, विषाणू ही कारणे घरी कळत नाहीत. शेतातले किडे पकडून घालताना फवारणीचे विष पोटात जाते, हेही लक्षात असावे. काजवे तर मुळीच नकोत. अमेरिकेतल्या काजव्यांत असे द्रव्य असते की एक काजवा दाढीवाल्या सरड्याचा जीव घेऊ शकतो. तो ज्या मुलखातून आला तिथे तसला किडा नाही, त्यामुळे त्याला टाळायचे त्याला कळत नाही.

आता आईच्या वाटीतल्या दुधाबद्दल. सरड्याची आणि सापाची श्वासनलिका तोंडात अगदी पुढे उघडते. ड्रॉपरने सोडलेले दूध म्हणूनच सहज फुप्फुसात जाते. पोटात गेले तरी दूध पचवण्याची सोय त्या शरीरात नाही. नागपंचमीला टोपलीतला नाग दूध पितो ते आपण पाहत आलो. पण त्याला आधी कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेले असते, कित्येकदा दात मोडून तोंड शिवलेले असते. तहानेने तो पुढे येईल ते पितो आणि पुढच्या काही दिवसांत मरतो. साप किंवा घोरपड पकडून ठेवणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, पण कायद्याच्या आधी ही साधी शरीररचना शाळेत शिकवली गेली असती, तर किती नाग वाचले असते. फार दिवस उपाशी असलेल्या प्राण्याला एकदम भरपेट भरवले, तरी रक्तातले पोटॅशियम आणि फॉस्फरस अचानक खाली येऊन तो दगावू शकतो. म्हणून क्रम असा : आधी ऊब, मग पाणी, सर्वांत शेवटी अन्न.

आम्ही तोच क्रम धरला. किराणा दुकानातल्या काट्यावर सरडा २९० ग्रॅम भरला. दोन महिन्यांपूर्वी तो ३४० होता, म्हणजे सुमारे १५ टक्के उतरला होता. अंगणात विटांचा आळा केला, वर जाळी बसवली, अर्ध्या भागावर बारदाना टाकून सावली केली. जानेवारीतही अकराच्या पुढे इथल्या विटा चांगल्या तापतात. पहिल्या दिवशी तो नुसता पसरून पडला. दुसऱ्या दिवशी अंगावर पाणी शिंपडले तर जिभेने टिपले. तिसऱ्या दिवशी काळी, दुर्गंधी विष्ठा पडली. त्यात सतरा दिवसांपूर्वीच्या रातकिड्यांचे पाय ओळखू येत होते. पाचव्या दिवशी त्याने भाच्याने आणलेला रातकिडा पकडला, दोनदा सोडला आणि तिसऱ्यांदा गिळला.

नागपूरला परतल्यावर डॉक्टरांनी क्ष-किरण तपासणी केली. हाडे विरळ झाली होती. आता पेटीत योग्य दिवा आहे, दोन टोकांना दोन तापमापक आहेत, सरडा खातो. खालचा जबडा मात्र थोडा वाकडा राहिला आहे आणि तो तसाच राहणार.

त्या पाच दिवसांत ऊन सरकले की आई बारदाना सरकवायला मला हाक मारायची. दिवसातून तीनदा विचारायची, ‘‘ऊन हाये ना त्याच्यावर?’’ खाल्ले का, हे ती त्यानंतर विचारायची.