मृगाचा वास आणि सहा ग्रॅमची पुडी

मृगाचा पहिला पाऊस पडला की सातपुड्याच्या पायथ्याला जो वास सुटतो, त्याला आपण मातीचा वास म्हणतो. खरं तर तो मातीतल्या जिवाणूंचा असतो. त्यांचं मोठं घराणं म्हणजे स्ट्रेप्टोमायसीस, आणि त्या वासाच्या द्रव्याचं नाव जिओस्मिन. हे जिवाणू बुरशीसारखे धागे करून राहतात. अन्न संपत आलं की बीजाणू धरतात, आणि त्याच सुमारास शेजारच्या जिवाणूंना रोखणारी रसायनं सोडतात. आपली बरीचशी प्रतिजैविकं तिथूनच आली.

1943 मध्ये अमेरिकेत, वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत, अल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याने स्ट्रेप्टोमायसीस ग्रिसियसपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळवलं. क्षयावर चाललेलं हे पहिलं प्रतिजैविक. 1952 चं नोबेल मात्र एकट्या वॅक्समनना! आपल्याकडे 1954 मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. तिथल्याच मातीतल्या एका जातीला डॉ. थिरुमलाचार यांनी स्ट्रेप्टोमायसीस पिंपरिना असं नाव दिलं. त्यापासून हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध निघालं.

आता तुम्हाला विचारतो. मिरचीच्या पानावर ठिपके आले, की दुकानदार कॉपर ऑक्सिक्लोराईडबरोबर कोणती पुडी देतो? स्ट्रेप्टोसायक्लिन. बरोबर. सहा ग्रॅमची. तिच्यात दहापैकी नऊ भाग तेच, क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन, आणि एक भाग टेट्रासायक्लिन.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. क्षयाचा जंतू शेतात राहत नाही, आणि दुसऱ्यांकडून जनुकं तो सहसा घेतही नाही. म्हणून फवारणीमुळे क्षय बळावला असं मी म्हणणार नाही. पण ग्रिसियस स्वतःच्या औषधाने मरत नाही, कारण ते निकामी करणारं विकर त्याच्यापाशी असतं. अशा विकरांची जनुकं इतर जिवाणूंतही आहेत. पानावरचे, शेणातले, पोटातले जिवाणू ती एकमेकांना देतात. आपण फवारत राहिलो, की ज्यांच्याकडे ती जनुकं आहेत तेवढेच मागे उरतात. मग पुडीही चालत नाही आणि कधीकधी दवाखान्यातलं इंजेक्शनही. म्हणूनच 2021 च्या डिसेंबरात केंद्राच्या कृषी मंत्रालयाने ही जोडी पिकांवर बंद करण्याचा मसुदा काढला.

आणि चुरडामुरड्यावर तर ही पुडी मारूच नका. तो विषाणूमुळे होतो, नाहीतर फुलकिडे-कोळ्यांमुळे. तिथे प्रतिजैविकाचं कामच नाही. ठिपका असेल, तर आधी ते पान कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. ठिपका बुरशीचा निघाला, तरी पुडीचे पैसे वाचले.