महामारीच्या काळातील दंतचिकित्सालय आणि रुग्णसुरक्षा : एक विश्लेषणात्मक अभ्यास

प्रस्तावना

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महामारी असल्याचे घोषित केले. त्याच्या दोनच दिवस आधी, ९ मार्च रोजी, महाराष्ट्रातील पहिले रुग्ण पुण्यात आढळले होते. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि दैनंदिन वैद्यकीय सेवेचे स्वरूप पालटले. या काळात ज्या शाखेपुढे सर्वांत विचित्र पेच उभा राहिला, ती शाखा म्हणजे दंतवैद्यक. तोंडावर मुखपट्टी बांधा आणि परस्परांत अंतर राखा, हे महामारीचे दोन मूलभूत नियम होते. दंतोपचारात मात्र रुग्णाला मुखपट्टी काढावीच लागते, आणि दंतवैद्याचा चेहरा रुग्णाच्या उघड्या तोंडापासून वीतभर अंतरावर असतो. म्हणजेच दोन्ही नियम जेथे पाळता येत नाहीत, तेथे रुग्णाला सुरक्षित कसे ठेवावयाचे, हा प्रश्न होता.

या प्रश्नाचे जे उत्तर सर्वसामान्यांच्या नजरेस पडले ते पांढऱ्या अथवा निळ्या पोशाखाचे, चेहऱ्यावरील पारदर्शक ढालीचे आणि हातमोज्यांचे होते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की, ही दृश्य साधने आवश्यक असली तरी त्यांतील बहुतेक प्रामुख्याने दंतवैद्याचे रक्षण करतात. रुग्णाचे रक्षण त्याला सहसा न दिसणाऱ्या गोष्टींवर अवलंबून असते. खोलीतील हवा, नळीतील पाणी, उपकरणांचे निर्जंतुकीकरण आणि कामाचा क्रम या त्या गोष्टी होत.

उद्दिष्टे

१. दंतोपचारातील संसर्गाच्या धोक्याचे स्वरूप समजून घेणे.
२. महामारीच्या काळात अवलंबिलेल्या उपायांमागील कार्यकारणभाव स्पष्ट करणे.
३. उपचार लांबणीवर टाकल्याने रुग्णसुरक्षेवर होणाऱ्या परिणामांचा विचार करणे.
४. महामारीनंतरही टिकवून ठेवण्याजोग्या उपायांची निश्चिती करणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखासाठी विश्लेषणात्मक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. शासकीय मार्गदर्शक सूचना, आंतरराष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या शिफारशी आणि प्रकाशित संशोधन या दुय्यम स्रोतांवर विवेचन आधारलेले आहे.

विषय विवेचन

१) धोक्याचे स्वरूप : रक्ताकडून हवेकडे

दंतवैद्यकातील संसर्गप्रतिबंधाची आधुनिक चौकट एच.आय.व्ही.च्या काळात घडली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९८७ मध्ये ‘सार्वत्रिक खबरदारी’चे तत्त्व मांडले. प्रत्येक रुग्णाचे रक्त संसर्गजन्य आहे असे मानूनच काम करावे, हा त्याचा गाभा होता. पुढे १९९० मध्ये फ्लोरिडातील एका दंतवैद्याच्या रुग्णास एच.आय.व्ही.ची लागण झाल्याचे प्रकरण उजेडात आले आणि अखेर अशा रुग्णांची संख्या सहापर्यंत पोहोचली. लागण नेमकी कशी झाली हे सिद्ध झाले नाही. परंतु दवाखान्यातील संसर्गाचा धोका रुग्णालाही असतो, ही जाणीव त्या घटनेने खोलवर रुजवली. हातमोजे, एकदाच वापरावयाच्या सुया आणि ऑटोक्लेव्ह ही दवाखान्याची नित्याची अंगे बनली.

कोविडने या चौकटीची मर्यादा दाखवून दिली. हातमोजा रक्ताला अडवतो, हवेला नाही. दात कोरण्यासाठी वापरला जाणारा एअरोटर मिनिटाला तीन ते चार लाख फेरे घेतो. त्याची उष्णता दाताला बाधू नये म्हणून त्यावर पाण्याचा फवारा अखंड सोडावा लागतो. हे पाणी लाळेत मिसळून उडते. त्यातील ५० मायक्रॉनपेक्षा मोठे थेंब लवकर खाली पडतात. मात्र त्याहून सूक्ष्म तुषारकण हवेत तरंगत राहतात आणि रुग्ण खुर्चीवरून उठून गेल्यानंतरही खोलीत रेंगाळतात. त्यांचा धोका नंतर त्याच खुर्चीवर बसणाऱ्या रुग्णाला असतो. दंतचिकित्सालयातील रुग्णसुरक्षेचा प्रश्न अशा रीतीने दोन रुग्णांच्या मधल्या काळाचा प्रश्न बनतो.

२) दवाखान्यात येण्यापूर्वीची निवड

भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने १९ मे २०२० रोजी दंतव्यावसायिकांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या. त्यांनुसार प्रतिबंधित क्षेत्रातील दवाखाने बंद राहणार होते, लाल क्षेत्रात केवळ आपत्कालीन उपचारांना मुभा होती आणि नारिंगी व हिरव्या क्षेत्रांतही नित्याचे, टाळता येण्याजोगे उपचार पुढे ढकलावयाचे होते.

रुग्णाशी आधी दूरध्वनीवर बोलून लक्षणे, प्रवास व संपर्क यांची विचारणा करणे आणि तक्रारीची निकड ठरवणे, ही या व्यवस्थेची पहिली पायरी होती. हनुवटीखाली पसरणारी सूज, गिळताना अथवा श्वास घेताना होणारा त्रास, न थांबणारा रक्तस्राव, अपघातात निखळलेला दात यांना वाट पाहता येत नाही. दात पांढरे करणे किंवा नेहमीची सफाई यांना वाट पाहता येते. भेटीच्या वेळा अंतराने दिल्यामुळे प्रतीक्षाकक्षातील गर्दी टळली. लक्षणे दिसण्यापूर्वीही बाधित व्यक्ती संसर्ग पसरवू शकत असल्याने तापमापकाचा उपयोग मर्यादित होता. गर्दी टाळणे हा उपाय मात्र लक्षणांवर अवलंबून नव्हता, म्हणून तो अधिक भरवशाचा होता.

३) तुषार निर्माण होऊ न देणे

हवेत गेलेले कण गोळा करण्यापेक्षा ते निर्माण होऊ न देणे केव्हाही श्रेयस्कर. त्यासाठी यांत्रिक सफाईऐवजी हाताच्या अवजारांनी दातांवरील कीटण काढणे, एअरोटरऐवजी हाताने कीड खरवडून तेथे ग्लास आयोनोमर सिमेंट भरणे, हे मार्ग सुचवले गेले. यातील दुसरी पद्धत मुळात महामारीसाठी नव्हतीच. वीज व यंत्रे नसलेल्या वस्त्यांसाठी १९८० च्या दशकात टांझानियात ती विकसित झाली. गरिबीच्या गरजेतून जन्मलेले तंत्र सुसज्ज दवाखान्यांना संकटकाळी उपयोगी पडावे, ही गोष्ट लक्षणीय आहे.

जेथे एअरोटर अटळ असतो, तेथे रबर डॅम व शक्तिशाली सक्शन यांना पर्याय नाही. रबर डॅम म्हणजे ज्या दातावर काम चालू आहे तेवढाच उघडा ठेवून उरलेले तोंड झाकणारा रबरी पडदा. फवाऱ्यात लाळ मिसळू न देणे हे त्याचे कार्य. सक्शनची नळी साहाय्यकाने कामाच्या जागेलगत धरली तर उडणारे पाणी जागीच शोषले जाते. उपचारापूर्वी हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा पोव्हिडोन आयोडिनच्या सौम्य द्रावणाने गुळण्या करून घेण्याची प्रथाही पडली. गुळणीचा परिणाम अल्पकाळ टिकतो. त्यामुळे ती पूरक उपाय आहे, सक्शनची जागा ती घेऊ शकत नाही.

येथेच मुखपट्टीविषयीचा एक मुद्दा ध्यानात घ्यावा लागतो. झडप असलेला एन-९५ मास्क आत येणारी हवा गाळतो, परंतु उच्छ्वास न गाळताच बाहेर सोडतो. अशा मास्कने दंतवैद्य सुरक्षित राहतो, खुर्चीवरील रुग्ण नव्हे. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने जुलै २०२० मध्ये झडपेच्या मास्कविरुद्ध राज्यांना सावध केले होते. दृश्य साधन आणि रुग्णाची सुरक्षा यांतील अंतर या एका उदाहरणातून स्पष्ट होते.

४) हवेचे गणित

खोलीतील हवा तासातून किती वेळा बदलते, यावर तुषारकण किती काळ टिकतील हे ठरते. रोगनियंत्रण केंद्राच्या कोष्टकानुसार, हवा तासाला २ वेळा बदलत असेल तर ९९ टक्के कण निघून जाण्यास १३८ मिनिटे लागतात. ६ वेळा बदलत असेल तर ४६ मिनिटे आणि १२ वेळा बदलत असेल तर २३ मिनिटे. अर्थात ही आकडेमोड खोलीतील हवा पूर्णतः मिसळते असे गृहीत धरून केलेली आहे. कोपऱ्यात हवा कोंडत असेल तर अधिक वेळ द्यावा लागतो.

आपल्याकडील छोट्या दवाखान्याचे उदाहरण घेऊ. दहा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच खोलीत १,००० घनफूट हवा मावते. ती तासाला १२ वेळा बदलावयाची तर मिनिटाला २०० घनफूट हवा बाहेर फेकणारा पंखा हवा. ही क्षमता साध्या एक्झॉस्ट पंख्याच्या आवाक्यातील आहे. अट एवढीच की, समोरून ताजी हवा आत येण्यास खिडकी उघडी असावी. याउलट, भिंतीवरचा नेहमीचा वातानुकूलन संच आतलीच हवा थंड करून पुन्हा फिरवतो. तालुक्याच्या गावी दारे-खिडक्या लावून घेतलेला गारेगार दवाखाना रुग्णाला अद्ययावत वाटतो, परंतु संसर्गाच्या दृष्टीने उघड्या खिडकीचा साधा दवाखाना अधिक सुरक्षित असू शकतो.

५) पाण्याची नळी

टाळेबंदीत अनेक दवाखाने आठवडेच्या आठवडे बंद राहिले आणि खुर्चीच्या बारीक नळ्यांत पाणी साचून राहिले. अशा पाण्यात जीवाणूंचा चिकट थर वाढतो. इटलीमध्ये २०११ साली एका ८२ वर्षीय महिलेला दंतोपचारानंतर लिजिओनेला जीवाणूमुळे न्यूमोनिया होऊन मृत्यू आला आणि त्याचा उगम खुर्चीच्या पाण्यात सापडला. महामारीतील विषाणूपासून रुग्णाला वाचवताना जुन्या जीवाणूच्या हवाली करण्याचा धोका त्यामुळे खरा होता.

या नळ्यांबाबतचे नियम २००३ पासून उपलब्ध आहेत. उपचाराच्या पाण्यात प्रति मिलिलिटर ५०० पेक्षा अधिक जीवाणू-वसाहती नसाव्यात आणि प्रत्येक रुग्णानंतर नळीतून २० ते ३० सेकंद पाणी सोडावे, असे ते सांगतात. एअरोटर थांबताना क्षणिक दाबफरकामुळे लाळ नळीत ओढली जाण्याची शक्यता असते. हा उलटा प्रवाह रोखणारी झडप त्यासाठी आवश्यक ठरते.

६) उपकरणे, पृष्ठभाग आणि कचरा

उपकरणे आधी घासून धुणे, नंतर पाकिटबंद करणे आणि मग ऑटोक्लेव्हमध्ये वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करणे, हा क्रम मोडता येत नाही. कारण वाळलेल्या रक्ताच्या थराखाली वाफ पोहोचत नाही. एअरोटरचा हँडपीसही प्रत्येक रुग्णानंतर याच मार्गाने जावयास हवा, केवळ स्पिरिटने पुसणे पुरेसे नाही. पृष्ठभागांसाठी शासकीय सूचनांत १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट सुचवले होते. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम २०१६ नुसार कचऱ्याचे रंगनिहाय वर्गीकरण बंधनकारक आहेच. कोविडबाधितांच्या कचऱ्यासाठी दुहेरी पिशव्यांची सूचना त्यात पडली.

७) बंद दवाखान्याची किंमत

रुग्णसुरक्षेचा विचार केवळ संसर्गापुरता मर्यादित ठेवल्यास ‘दवाखाना बंद ठेवणे’ हाच सर्वोत्तम उपाय ठरेल. तसे नाही. किडलेल्या दाताची वेदना टाळेबंदी जाणत नाही. दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामके व प्रतिजैविके सूज तात्पुरती दाबतात, मूळ मात्र तसेच राहते. मिश्री व तंबाखूचे व्यसन मोठ्या प्रमाणावर असलेल्या महाराष्ट्रात तोंडातील पांढऱ्या चट्ट्याची तपासणी काही महिने पुढे जाणे म्हणजे कर्करोगाचे निदान तेवढे लांबणे होय.

दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, याचा कठोर प्रत्यय आला. कोविडमधून बरे झालेल्या, विशेषतः मधुमेही, रुग्णांना म्युकरमायकोसिसने ग्रासले. अचानक हलू लागलेले दात, टाळूवरील काळसर जखम, गालाचा बधिरपणा ही त्याची लक्षणे असल्याने हा आजार प्रथम ओळखणारे अनेकदा दंतवैद्य होते. २० मे २०२१ रोजी केंद्राने राज्यांना हा आजार साथरोग अधिनियम १८९७ अन्वये नोंदणीयोग्य करण्यास सांगितले. अशा प्रसंगी उघडा असलेला दवाखाना हाच रुग्णसुरक्षेचा उपाय होता.

८) अनुभवाची साक्ष

जागतिक आरोग्य संघटनेने ऑगस्ट २०२० मध्ये, समूहसंसर्ग असलेल्या ठिकाणी अत्यावश्यक नसलेले दंतोपचार लांबवावेत, असे सुचवले. अमेरिकन डेंटल असोसिएशनने त्यास तीव्र असहमती दर्शवली. त्या संघटनेच्या जून २०२० मधील पाहणीत २,१९५ दंतवैद्यांपैकी निश्चित वा संभाव्य बाधितांचे प्रमाण ०.९ टक्के आढळले. ही संख्या दंतवैद्यांची आहे, रुग्णांची नाही, हे विसरून चालणार नाही. २०२१ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २८ रुग्णांच्या उपचारांतील तुषारांचे परीक्षण केले. तुषारांतील सूक्ष्मजीव मुख्यतः खुर्चीच्या पाण्यातून आलेले होते, लाळेचा वाटा अत्यल्प होता. काही लक्षणविरहित रुग्णांच्या लाळेत विषाणू असूनही तुषारांत तो आढळला नाही. पाणी शुद्ध असेल आणि सक्शन नीट चालत असेल, तर उपचार सुरक्षितपणे करता येतात, या मताला यातून बळ मिळते.

निष्कर्ष

१. दंतोपचारातील धोका प्रामुख्याने दोन रुग्णांच्या मधल्या काळात, हवेत व पाण्यात साठतो; म्हणून सुरक्षेचा भरही तेथेच असावयास हवा.
२. पोशाख व ढाल ही दंतवैद्याची संरक्षक साधने आहेत. त्यांच्या दर्शनावरून रुग्णसुरक्षेची पारख करणे योग्य नाही.
३. उघडी खिडकी, योग्य क्षमतेचा एक्झॉस्ट पंखा, नळीतून सोडलेले पाणी व प्रत्येक वेळी निर्जंतुक केलेला हँडपीस हे सर्वांत परिणामकारक उपायांपैकी असून तुलनेने स्वस्त आहेत.
४. उपचार नाकारणे ही सुरक्षितता नव्हे; निकडीनुसार निवड करणे ही सुरक्षितता होय.

शिफारशी

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. किट व ढाली त्यानंतर दिसेनाशा झाल्या, हे स्वाभाविकच आहे. क्षयरोग व इन्फ्ल्युएन्झा हे हवेतून पसरणारे रोग मात्र आपल्यात आहेत. म्हणून प्रत्येक दंतचिकित्सालयाने आपल्या खोलीच्या हवाबदलाचा हिशोब एकदा तरी मांडावा, खुर्चीच्या पाण्याची ठरावीक काळाने तपासणी करावी आणि निर्जंतुकीकरणाची नोंदवही रुग्णाला पाहता येईल अशी ठेवावी. दंतवैद्यकाच्या शिक्षणात वायुवीजनाचा विषय समाविष्ट व्हावा. रुग्णानेही ‘हे अवजार निर्जंतुक केले आहे का, आणि ही खिडकी उघडता येईल का’ हे दोन प्रश्न निःसंकोचपणे विचारावेत. असे प्रश्न विचारणे हा दंतवैद्यावरील अविश्वास नसून उपचारातील रुग्णाचा सहभाग आहे. तो वाढला तरच महामारीने शिकवलेली शिस्त पुढील संकटापर्यंत टिकून राहील.